दोष अपडेटचा नव्हता, माझा होता: लायब्ररी व्हर्जनचा घोळ समजून घ्या

नागपुरात धंतोली म्हटलं की दवाखाने आठवतात. गल्लोगल्ली हॉस्पिटल, आणि हॉस्पिटल तिथे मेडिकल. त्यातलंच एक मेडिकल माझ्या मामांचं. मध्यंतरी एका सकाळी त्यांचा फोन आला, "अबे, बिलिंग उघडूनच नाही राहिलं! डिस्चार्जवाले लोकं उभे आहेत. ये लवकर."

रात्री बिलिंग सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं. आयकॉनवर क्लिक केलं की विंडो उघडायची आणि लगेच बंद व्हायची. काउंटरवर पाच-सहा जण ताटकळत होते. औषधं मिळत होती, पण विम्याच्या क्लेमसाठी त्यांना बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट छापील बिल हवं होतं. एका काकूंचा पेशंट खाली ऑटोत बसून होता. मामा हातानं बिलं लिहीत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते.

दीड तासानं दोषी सापडला. तो मीच होतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक क्रॅशपुढे एकच नाव दिसत होतं: एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल. दोन वर्षांपूर्वी याच कॉम्प्युटरवर 'ही फाइल सापडत नाही' असा एरर आला होता. तेव्हा मी कुठल्याशा साइटवरून ती फाइल डाउनलोड करून बिलिंगच्या फोल्डरमध्ये टाकली होती. सॉफ्टवेअर चालू झालं, मामांनी तर्री-पोहे खाऊ घातले, विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

लायब्ररी म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत सांगतो. सोसायटीत प्रत्येक घराची वेगळी विहीर नसते, सगळ्यांची मिळून एक टाकी असते. तसंच प्रत्येक प्रोग्रॅम सगळं काम स्वतः करत नाही. फोटो उघडणं, डेटा कुलूपबंद करणं, वेब पेज दाखवणं, अशा नेहमीच्या कामांचा कोड आधीच कुणीतरी लिहून ठेवलेला असतो. त्याला म्हणतात लायब्ररी. अनेक प्रोग्रॅम मिळून एकच लायब्ररी वापरत असतील तर ती शेअर्ड लायब्ररी. विंडोजमध्ये तिच्या फाइलचं नाव .डीएलएलनं संपतं, तर लिनक्स आणि अँड्रॉइडमध्ये .एसओनं.

यात जागा वाचते आणि दुरुस्ती एकदाच करावी लागते. अडचण येते ती व्हर्जनची. एका प्रोग्रॅमला जुनी लायब्ररी हवी असते, दुसऱ्याला नवी. नव्वदच्या दशकात एका सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर दुसऱ्याची फाइल बिनदिक्कत पुसून स्वतःची टाकायचा. त्या त्रासाला 'डीएलएल हेल' असं नावच पडलं होतं.

दुकानातही हेच झालं. विंडोज लायब्ररी शोधताना बहुतेक वेळा आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं, मग सिस्टिममध्ये. त्यामुळे नव्या बिलिंगला मी टाकलेली जुनीच फाइल मिळत राहिली. मायक्रोसॉफ्टचा नियम साधा आहे: नव्या लायब्ररीवर जुना प्रोग्रॅम चालतो, पण जुन्या लायब्ररीवर नवा प्रोग्रॅम चालेलच असं नाही. २०२४ मध्ये त्यांच्या टूल्समध्ये एक बदल झाला. तेव्हापासून नव्या टूल्सनं बनवलेले प्रोग्रॅम जुन्या एमएसव्हीसीपी१४० वर सरळ कोसळू लागले, आणि जगभरच्या डेव्हलपर्सनी डोकं धरलं.

उपाय दहा मिनिटांचा होता. मी टाकलेली फाइल काढली, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून 'व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल'चं ताजं व्हर्जन टाकलं आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. प्रिंटर सुरू झाला.

मोबाइलवाल्यांना याचं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे डीएलएल टाकतो? खरंय. अँड्रॉइडवर बहुतेक ॲप्स आपापल्या लायब्ररी सोबत घेऊन येतात. सामाईक टाकीऐवजी प्रत्येकाच्या घरी पाण्याचा वेगळा कॅन. म्हणून दोन ॲप्सचं सहसा भांडण होत नाही. ॲप्स एवढी जागा खातात, त्याचं हे एक कारण.

पण काही टाक्या अजूनही सामाईक आहेत. अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू त्यातली एक. ॲपच्या आत वेब पेज दिसतं ते तिच्यामुळे. २३ मार्च २०२१ च्या सकाळी भारतात अनेकांचं जीमेल आणि इतर बरीच ॲप्स उघडताक्षणी बंद पडू लागली. लोक एकेक ॲप काढून परत टाकत होते, पण बिघाड ॲपमध्ये नव्हताच, वेबव्ह्यूमध्ये होता. गूगलनं वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवं अपडेट दिलं आणि सगळी ॲप्स एकदम सुधारली.

मग कॅनच बरा का? तसंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये 'लिबवेबपी' या लायब्ररीत गंभीर भगदाड सापडलं. वेबपी प्रकारचे फोटो उघडायला ती लागते. नुसता एक खास बनवलेला फोटो दाखवून हल्ला करता येत होता. क्रोमनं लगेच दुरुस्ती दिली. पण ज्या ॲप्सनी तिची वेगळी कॉपी आत भरली होती, त्या प्रत्येकाला स्वतंत्र अपडेट काढावं लागलं. एक टाकी साफ करणं सोपं, पण घरोघरचे कॅन कोण तपासणार?

आत्ता काय चाललंय?

ताजा विषय आहे १६ केबीचा. फोन मेमरीचं वाटप छोट्या तुकड्यांत करतो, त्यांना 'पेज' म्हणतात. अँड्रॉइडवर इतकी वर्षं एक पेज ४ केबीचं होतं. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीचीही सोय आली. पण त्यासाठी ॲपच्या आतल्या .एसओ फाइल्स नव्यानं बांधाव्या लागतात. म्हणून अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या व्हर्जनसाठी बनलेल्या नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेनं ही अट घातली.

खरी मेख इथे आहे. ॲपवाल्यानं स्वतःचा कोड नीट केला तरी भागत नाही. त्यानं बाहेरून घेतलेली एखादी लायब्ररी जुनी असेल आणि तिचा कर्ता ती सोडून गेला असेल, तर ॲप अडकतं. अँड्रॉइड १६ मध्ये अशा काही ॲप्ससाठी तडजोडीची सोय आहे, पण ती प्रत्येक ॲपला तारेलच असं नाही.

तर करायचं काय?

• अनेक ॲप्स एकाच वेळी बंद पडत असतील तर ॲप्स उडवू नका. आधी प्ले स्टोअरवर वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करा.
• फोटो, चॅट आणि ब्राउझरची अपडेट्स टाळू नका. प्रत्येक कॅन वेगळा साफ होतो.
• वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या ॲपमध्ये महत्त्वाचा डेटा असेल तर नवा फोन घेण्याआधी तो बाहेर काढून ठेवा.
• कॉम्प्युटरवर सुटी डीएलएल कुठल्याही साइटवरून घेऊ नका. तिच्यात व्हायरस नसला तरी ती जुनी असू शकते.

अपडेटनं काही बिघडलं की आपण अपडेटला शिव्या देतो. पुष्कळदा अपडेट फक्त जुना जुगाड उघडा पाडतं. मामांना मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तर्री-पोहे वाया गेले म्हण!" आता त्यांच्या कॉम्प्युटरवर काहीही केलं की तारीख टाकून उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो.