बकासुराची पाळी

राक्षस, पिशाच्चे, चालती प्रेते आणि परग्रहवासी यांविषयी आपल्या वाचकवर्गात व प्रेक्षकवर्गात अलीकडे जी आवड वाढीस लागली आहे, तिच्यासंबंधाने दोन मते वारंवार ऐकू येतात. दोन्ही मते आम्हांस सारखीच उथळ वाटतात. म्हणून त्यांचा परामर्श घेणे अवश्य आहे.

पहिले मत हौशी रसिकांचे. ते म्हणतात की, पूर्वीचा समाज भुतांना भीत असे, आजचा समाज त्यांच्या दर्शनासाठी तिकीट काढतो. भयाचे रूपांतर करमणुकीत झाले, हीच प्रगति. या पक्षाजवळ पुरावा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. २०१८ साली आलेला 'तुंबाड' हा चित्रपट २०२४ साली पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमविला. त्याच वर्षी 'मुंज्या' या हिंदी चित्रपटाने कोकणातील पिंपळावरचे पिशाच्च साऱ्या देशाच्या ओळखीचे करून सोडले. त्यापूर्वी २०२२ साली त्याच दिग्दर्शकाने, म्हणजे आदित्य सरपोतदार यांनी, 'झोंबिवली'त डोंबिवलीच्या रस्त्यांवर चालती प्रेते सोडली होती. पण लोक भुतांना हसू लागले म्हणजे भूत गेले, हे अनुमान कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

२०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीतील पहिलेच कलम वाचावे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसाला दोराने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजविलेले पाणी पाजणे, असल्या कृत्यांची ती यादी आहे. विधिमंडळ कल्पनेतील गुन्ह्यांसाठी कलमे रचीत नसते. कायद्यानंतर आठ वर्षांनी, २०२१ साली, आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे, करणीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्याअगोदर, २०१८ च्या १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या पाच भटक्या माणसांना, ती मुले पळविणारी आहेत या आवईवरून, जमावाने ठार केले. आवई पसरली ती खिशातल्या दूरध्वनीवरून. राक्षसाची कल्पना जुनी, वाहन मात्र नवे. तेव्हा भयाची करमणूक झाली ती तिकीट परवडणाऱ्यांपुरती. ज्यांच्या पाठीवर काठी पडते, त्यांच्यापर्यंत ही प्रगति अद्याप पोहोचलेली नाही.

दुसरे मत सोवळ्या पंडितांचे. त्यांच्या मते हा सारा व्यवहार हीन अभिरुचीचा असून, सद्वाङ्मयाने त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. नारायण धारपांनी आयुष्यभर भयकथा लिहिल्या, रत्नाकर मतकरींनी गूढकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरी आमच्या व्यवसायातील पुष्कळांची मजल त्यांच्या नावापुढे जात नाही. या पंडितांना आमचे सांगणे एवढेच की, आपल्या लोककल्पनेने निर्माण केलेली पिशाच्चे त्यांनी एकदा नीट तपासावीत. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा. हडळ म्हणजे बहुधा बाळंतपणात मेलेली स्त्री. ज्याची वासना पुरी झाली नाही किंवा ज्याच्या मागे क्रियाकर्मास कोणी उरले नाही, तो समंध. ब्रह्मराक्षस म्हणजे विद्या मिळवून तिचा दुरुपयोग करणारा विद्वान. त्याची आठवण विद्यापीठांतून अधूनमधून व्हावी, हे इष्टच आहे. ही नावे म्हणजे समाजाच्या हिशेबाच्या वहीतील न फिटलेली देणी आहेत. ज्या घरात सून बाळंतपणात दगावली, त्या घराला हडळीची भीति वाटते, याचा अर्थ त्या घराला आपला अपराध ठाऊक असतो. असल्या सामग्रीला जो वाङ्मयाबाहेर घालवितो, तो समाजाच्या कबुलीजबाबालाच बाहेर घालवितो. भूत आहे असे मानणे ही अंधश्रद्धा खरीच. पण भूत कशाचे झाले, हे न विचारणे हाही एक प्रकारचा आंधळेपणाच होय.

दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही राक्षस पाहतात. राक्षसाची तक्रार कोणी ऐकत नाही. परदेशातून आणलेल्या राक्षसांच्या बाबतीत तर हा बहिरेपणा हास्यास्पद होतो. झोंबी हे प्रेत अमेरिकी चित्रपटांनी जगभर नेले. १९६८ सालच्या जॉर्ज रोमेरो यांच्या चित्रपटापासून त्याचे आजचे रूप स्थिरावले. पण त्याचे जन्मस्थान हैती. फ्रेंच मळेवाल्यांच्या उसाच्या शेतात आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. मरण आले म्हणजे तरी सुटका होईल, एवढीच त्यांची आशा. आणि मेल्यावरही कोणी मांत्रिक उठवून पुन्हा राबावयास लावील, हे त्यांचे सर्वांत मोठे भय. मूळचा झोंबी कोणास चावत नाही, तो राबतो. हॉलिवुडने मजुराचे हे भय उचलले आणि त्याचे मजुरांच्या गर्दीविषयीचे भय करून परत विकले. आता पडद्यावर ती गर्दी निनावी येते, आणि तिच्या डोक्यात काठी घालणारा नायक ठरतो. कारण समोरचा माणूस अगोदरच मेलेला आहे, असे ठरविले की मारण्याचे पाप उरत नाही. राईनपाड्याच्या जमावाने चित्रपट पाहून शिक्षण घेतले, असा आरोप आम्ही करीत नाही. पण समोरच्याचे नावगाव विचारण्यापूर्वी त्याला माणसांतून वगळावयाचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे, हे रसिकांनी ध्यानी घ्यावे. 'झोंबिवली'ने रोगाचे मूळ बाटलीबंद पाण्याच्या धंद्यात आणि झोपडपट्टीच्या तहानेत दाखविले, हे त्या चित्रपटाचे श्रेय आम्ही मोकळेपणाने देतो. प्रेक्षकांनी मात्र हसण्यापलीकडे तेथे काय पाहिले, हा प्रश्नच आहे.

परग्रहवासीयांची गोष्टही अशीच. एच. जी. वेल्स यांनी १८९८ साली मंगळावरील स्वारीची कादंबरी लिहिली, तेव्हा टास्मानियातील मूळ रहिवाशांचा युरोपियनांनी केलेला संहार त्यांच्या डोळ्यांपुढे होता, आणि पहिल्याच प्रकरणात त्यांनी तो स्पष्ट बोलून दाखविला. साम्राज्य आपल्याच राजधानीवर उलटले तर कसे वाटेल, असा तो प्रश्न होता. आपण त्यातले यंत्र घेतले, प्रश्न ठेवून दिला. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी 'यक्षांची देणगी' व 'प्रेषित' यांतून परग्रहाचा विषय विज्ञानाच्या शिस्तीने हाताळला. त्यांच्या मागे ती वाट रुंद व्हावयाची, ती अरुंदच राहिली.

आकाशातून उतरणारी वस्तु आम्हां वैदर्भीयांना अगदीच अपरिचित नाही. २०२२ च्या २ एप्रिल रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळती रेघ सरकत गेली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा निर्वाह झाला. परग्रहवासी नाहीत असे कळताच आमच्या सुशिक्षितांचे कुतूहल तत्काळ थंडावले. वास्तविक ते तेथून सुरू व्हावयास पाहिजे होते! परक्या राष्ट्राचे जळते लोखंड आपल्या गावात पडावे आणि त्याविषयी दाद कोणाकडे मागावयाची हे गावकऱ्याला ठाऊक नसावे, यापेक्षा अधिक भयप्रद कथा कोणता परग्रहवासी सांगणार?

आता आमच्या वर्धा जिल्ह्याची गोष्ट. सेलू तालुक्यातील केळझर हे गाव म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी आणि भीमाने बकासुराचा वध केला तो येथेच, अशी स्थानिक परंपरा आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. असला राक्षस या भूमीने आपला म्हणावा, हेच महत्त्वाचे. बकासुराचे वैशिष्ट्य त्याच्या दातांत नाही, त्याच्या व्यवस्थेत आहे. तो गावावर धाड घालीत नाही. गावाचा त्याच्याशी करार आहे: पाळीपाळीने एकेका घराने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस द्यावयाचा. पाळी आलेल्या घरात आकांत. बाकीची नगरी निर्धास्त. ज्याच्याकडे पाळी आली तो ब्राह्मण कुंतीजवळ राजाच्या दुबळेपणाविषयीच बोलतो. राक्षस बळी घेतो, हे त्याला कळते. पण राजा असून नसल्यासारखा आहे, म्हणून पाळी चालते, हेही त्याला कळते.

२००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. गाडाभर कापूस, जोडी बैलांची आणि घरातला एक माणूस. या करारातील कलमे आम्हांस ओळखीची वाटतात. बाप गेल्यावर सावकाराच्या वहीत मुलाचे नाव चढते, तेव्हा मरणानेही राबणे संपत नाही हे हैतीच्या गुलामाचे भय आमच्या काळ्या मातीत येऊन उभे राहते. त्याला मात्र आम्ही राक्षस म्हणत नाही. त्याचा वार्षिक आकडा छापतो. मराठीत 'झोंबी' या शब्दाला स्वतःचा अर्थ होता. झटापट, मल्लांची लगट. आनंद यादवांनी १९८७ साली हेच नाव देऊन शिक्षणासाठी झगडणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराची कथा सांगितली. आज वर्गात तोच शब्द उच्चारला तर मुलांच्या डोळ्यांपुढे प्रेत येते. शब्दाचा हा पालट आम्हांस विनोदी वाटत नाही.

तेव्हा राक्षसांवर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. राक्षसांवर टाळ्या वाजवा, असेही म्हणत नाही. टीकाकारांनी प्रत्येक राक्षसकथेला दोन प्रश्न विचारावेत. हा राक्षस कोणाच्या दुःखातून जन्मला? आणि त्याच्या भोजनाची पाळी कोणाच्या घरी लागते? पहिल्याचे उत्तर नसेल तर ती कथा उसनी आहे; दुसऱ्याचे नसेल तर ती खोटी आहे. आमच्या तरुण लेखकांना मंगळापर्यंत जाण्याची मुभा आहेच. पण जाताना वाटेत केळझर लागते, आणि तेथील गाडा अद्याप जुंपलेला आहे.