सिस्टरांचा हात सरावात हवा

महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, असे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. आशाताईंच्या पायपिटीचे हे मोठे यश आहे. पण बाई दवाखान्यात पोहोचली म्हणजे वाचली, असे नाही. वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावात मध्यरात्री तिचा जीव ड्युटीवरच्या सिस्टरच्या हाती असतो.

बाळंतपणातले संकट सांगून येत नाही. वार पडल्यावर गर्भपिशवी आवळली नाही, तर अतिरक्तस्रावाने दोन तासांत बाई दगावू शकते. साधारण दहातल्या एका बाळाला श्वास सुरू करायला मदत लागते आणि ती पहिल्या मिनिटातच मिळावी लागते. गर्भवतीला झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच तिला पुढे पाठवायचे असते. १०८ची गाडी कितीही वेगाने आली, तरी ही कामे जागेवरच करावी लागतात.

प्रशिक्षणे होतात. कुशल प्रसूतीसेवेचे २१ दिवसांचे, तर २००९पासून नवजात शिशु सुरक्षेचे दोन दिवसांचे. पण लहान केंद्रात बाळंतपणे मोजकी. न रडणारे बाळ महिनोन्महिने समोर येत नाही आणि शिकलेला हात तोवर अवघडतो. प्रमाणपत्र फाइलमध्ये राहते, बाळाला श्वास देण्याची अंबू बॅग कपाटात.

सराव आणि देखरेख यांनी काय साधते, हे आपल्याच विदर्भाने दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्यांच्या कामावर सतत लक्ष ठेवले आणि बालमृत्यूंत मोठी घट घडवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूतिगृहातच दरमहा सराव घ्यावा. बाहुलीवर, घड्याळ लावून. त्यात डॉक्टर, कंत्राटी सिस्टर, परिचर आणि गाडीचा चालक एकत्र असावेत. वर्षातून काही दिवस प्रत्येक सिस्टरला जिल्हा रुग्णालयाच्या गजबजलेल्या प्रसूतिगृहात काम करू द्यावे आणि तिच्या जागी बदली माणूस द्यावा. वाशीम २०१८पासून केंद्राने विशेष लक्ष देण्यासाठी निवडलेला ‘आकांक्षित जिल्हा’ आहे. इथला निधी भिंती रंगवण्याआधी या हातांवर खर्च व्हायला हवा. सराव झाला की नाही, याचा जाब जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना दर महिन्याला विचारला गेला पाहिजे.