अळिंबीचे अधिष्ठान विचारा

नाचणगाव-पुलगाव परिसरातील वैद्यबंधूंना हे दृश्य परिचित आहे. कापसाचा हंगाम सरला की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पेटतात, आणि पडीक रानात गाजरगवत व घाणेरी माजते. या टाकाऊ द्रव्यांवर धिंगरी अळिंबी घेण्याचा विचार म्हणूनच स्वागतार्ह आहे. 1 किलो वाळल्या काडापासून साधारणतः 600 ग्रॅम ते 1 किलो ताजी अळिंबी मिळते. भूमिहीन कुटुंबासही हा जोडधंदा झेपतो.

मात्र हीच अळिंबी चूर्ण वा कॅप्सूलच्या रूपाने आपल्या औषधालयात येते, तेव्हा वैद्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ती कशावर उगवली?

हा प्रश्न नवा नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या 46 व्या अध्यायात उद्भिद शाकांचे वर्गीकरण अधिष्ठानावरूनच केले आहे : पलाल, इक्षु, करीष, वेणु आणि क्षिती. पलालज मधुर व दोषप्रशमन, तर वेणुज कषाय व वातकोपन. भावमिश्रांनीही स्वच्छ स्थान, काष्ठ, वंश व गोठा येथे उगवणारी श्वेत छत्रे फारशी दोषकर मानली नाहीत. आधार बदलला की गुण बदलतो, हे आपले शास्त्र आहे.

आधुनिक ज्ञान याला पुष्टीच देते. अळिंबी आधारद्रव्याचे विघटन करून त्यावर पोसते व कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. जलपर्णी सांडपाण्यातील असे धातू साठवते. गाजरगवतातील पार्थेनिन त्वचाविकार निर्माण करते, घाणेरीतील लँटाडीन गुरांच्या यकृतास घातक ठरते. तणांवर धिंगरी उगवते, हे प्रयोगांनी दिसले आहे. तणातील प्रत्येक विषद्रव्य तिच्यात उतरतेच असे नाही. परंतु उगवली म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

शेतातील काडही निःशंक नव्हे. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. त्याच कपाशीची पऱ्हाटी आपण आधार म्हणून वापरणार आहोत. शिवाय काड निर्जंतुक करण्यासाठी कार्बेन्डाझिम व फॉर्मॅलिनचे द्रावण सर्रास वापरले जाते. गरम पाण्याची पद्धत उपलब्ध असताना पथ्याहारासाठी रसायनाचा आग्रह कशाला?

एवढ्या चौकशीने गरीब उत्पादक नाउमेद होईल, असा आक्षेप येईल. परंतु आपल्याकडे सोयाबीनच्या कुटाराची व तुराट्यांची वाण नाही. अळिंबीसाठी फवारणीची माहिती असलेले स्वच्छ काड वापरावे. गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी उपटून कंपोस्ट खड्ड्यात घालावे. तणनिर्मूलन व अन्नोत्पादन ही दोन्ही कामे एकाच पिशवीत उरकण्याची गरज नाही.

औषधालयचालकांनी प्रत्येक खरेदीत आधारद्रव्य व निर्जंतुकीकरणाची पद्धत लेखी घ्यावी, तणावरील माल जड धातू व विषद्रव्यांच्या तपासणीविना स्वीकारू नये, आणि स्वच्छ मालास दोन पैसे अधिक द्यावेत. एका सदोष खेपेने रुग्णाचे आरोग्य, शेतकऱ्याचा धंदा व आयुर्वेदावरील विश्वास ही तिन्ही धोक्यात येतात. द्रव्यपरीक्षा हे वैद्याचे आद्य कर्तव्य आहे. ते पुरवठादारावर सोपवून चालणार नाही.