घडीसाज चाचांची अमानत

अब्बांचे चावीचे एचएमटी जनता बंद पडले, तेव्हा आम्ही ते मोहल्ल्यातल्या घडीसाज चाचांकडे नेले. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली. जनतात सेकंदाला पाच ठोके पडतात. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून १७ बारीक कृत्रिम माणके बसवलेली असतात.

चाचांनी भिंग लावून एकेक चाक धुतले, तेल दिले. म्हणाले, ‘‘मास्टरसाब, काही बदलायची गरज नाही.’’ बदलले म्हणून पैसे घेतले असते, तरी आम्हाला काय कळणार होते? तीन पिढ्यांची खरी कमाई हीच.

मुलगा मोबाइल दुरुस्तीकडे वळला आहे. वळू द्या. हुनर हातात उतरो न उतरो, ही अमानतदारी मात्र उतरली पाहिजे.