थंब लागत नाही, म्हणून गहू नाही?

ऑक्टोबरात वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी चालते. वाळलेल्या शेंगांची टोकं सुईसारखी असतात आणि विळा चालवणाऱ्या बाईचे दोन्ही हात दिवसभर त्या टोकांमध्येच असतात. बोटांना चिंध्या गुंडाळल्या तरी पंधरा दिवसांत कातडी सोलते, घट्टे पडतात. सोंगणी उरकली की कापसाची वेचणी, मग तूर, आणि उन्हाळ्यात ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना वीटभट्टी. याच हातांनी महिन्यातून एकदा कंट्रोलच्या दुकानात जाऊन ई-पॉस यंत्राच्या काचेवर बोट टेकवायचं असतं.

आमच्या ओळखीच्या एका मावशींना गेल्या हंगामात तीन वेळा रिकाम्या हाती परत पाठवलं. पहिल्यांदा दुकानदार म्हणाला, "मावशी, थंब लागत नाही, हात धुऊन या." दुसऱ्यांदा म्हणाला, बोटाला खोबरेल लावा. तिसऱ्यांदा म्हणाला, आधार केंद्रावर जाऊन ठसे अपडेट करून आणा. केंद्र तालुक्याला. जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची आणि वरून भाडं भरायचं. मावशी म्हणाल्या, "मले सही येते. सही घे ना बापा." साक्षरता वर्गात बसून, मुलं झोपल्यावर गिरवलेली सही आहे ती. पण सही चालत नाही. अंगठाच पाहिजे.

आमचा वाद इथून सुरू होतो.

आमच्या आजे-पणज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे दिले. त्या कागदावर काय लिहिलंय हे त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून जमीन गेली, जनावरं गेली. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं आणि पुढच्या पिढ्यांनी अंगठ्याची शाई पुसून सही कमावली. आज त्याच घरातल्या बाईला सरकार म्हणतं, तुझी सही राहू दे, अंगठा दाखव. (एकलव्याची गोष्ट इथं आणण्याचा मोह होतो. पण ती भाषणांत इतकी वापरली गेली आहे की ऐकणारा पुढचं ऐकतच नाही.) बोटाच्या ठशांचा इतिहासही काही निष्पाप नाही. इंग्रजांच्या १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात नोंदवलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. आपल्या भागातल्या पारधी बांधवांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे ठसा हा आधी संशयाचा कागद होता, हक्काचा नंतर झाला. आणि संशय अजून गेलेला नाही. बोट जुळलं नाही की पहिला प्रश्न माणसालाच विचारला जातो, यंत्राला नाही.

कोणी म्हणेल, मग यंत्र फेकून द्या. आमच्याच चळवळीतले काही कार्यकर्ते असं म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. वहीच्या काळात मेलेल्या माणसांच्या नावावर गहू उचलला जात होता आणि पोत्यांची पोती काळ्या बाजारात जात होती, हे आम्ही विसरलेलो नाही. तो काळ परत नको. शिवाय यंत्राचा द्वेष करणं ही आमची परंपराच नाही. चरख्याकडे आणि खेड्याकडे परत चला असं सांगितलं जात होतं तेव्हा बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली. यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून मोकळं करतं, फुरसत देतं आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मजूरमंत्री असताना विजेचं आणि धरणांचं नियोजन त्यांनी याच विचाराने केलं. तेव्हा आमचं भांडण यंत्र असण्याशी नाही. ते कुणाचं बोट डोळ्यासमोर ठेवून बनवलं, याच्याशी आहे.

ठसा घेणारं साधं यंत्र बोटाच्या वरच्या कातडीवरच्या रेषा पाहतं. रेषा झिजल्या की चित्र पुसट येतं. म्हणजे कातडी शाबूत असलेलं, भांडी-धुण्याला, चुन्याला, सिमेंटला न लागलेलं बोट हे या यंत्राच्या लेखी माणसाचं बोट. बाकीचे अपवाद! अन् या देशात हातांनी काम कुणी करायचं हे कुणी ठरवलं, ते वाचकांना ठाऊक आहे. एकेकाळी आमच्या बोटाने पाणी बाटत होतं. आज तेच बोट यंत्राला दिसत नाही.

हे फक्त इथंच होतं असंही नाही. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा, तेही बोटाचंच यंत्र. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हे उपकरण काळ्या कातडीच्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवण्याची चूक गोऱ्यांच्या तुलनेत कितीतरी जास्त वेळा करतं. कुणी जाणूनबुजून वाईट केलं नव्हतं. तपासताना समोर जे बोट होतं, तेच सगळ्यांचं बोट धरलं गेलं.

आपल्याकडे हे सरकारला माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. केंद्राच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात ओळख न पटण्याचं प्रमाण झारखंडात ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के दिलेलं आहे. २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्रीय अन्न विभागाने राज्यांना लेखी कळवलं की ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून कुणाचं धान्य अडवायचं नाही, अपवाद म्हणून नोंद करून धान्य द्यायचं. कागदावर सगळं आहे. दुकानाच्या ओट्यावर मात्र कागद जात नाही, तिथं फक्त यंत्र असतं आणि यंत्राला तो आदेश कुणी शिकवलेला नाही.

तो आधी शिकवा. यंत्राची पहिली सुधारणा हीच. एक बोट लागलं नाही तर दुसरं, मग डोळ्याची बुबुळं, आणि तेही जमलं नाही तर यंत्रानेच आपोआप अपवादाची नोंद करून धान्य मोकळं करावं. दुकानदाराच्या मर्जीवर ते राहू नये. कातडीच्या आतल्या थरापर्यंत पाहणारे सेन्सर जगात आहेत. महाग आहेत म्हणता? मग मावशीच्या तीन खेपांची किंमत कोण मोजतं?

दुसरं, नकाराची पावती. गहू दिला की यंत्र पावती छापतं, नाकारला की काहीच छापत नाही. त्यामुळे परत पाठवलेल्या बाईकडे पुरावा राहत नाही आणि सरकारी आकड्यांत ती कुठेच सापडत नाही. तारीख, वेळ, किती वेळा बोट लावलं, का जुळलं नाही, हे मराठीत छापून तिच्या हातात द्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ मध्ये धान्य मिळालं नाही तर भत्त्याचा हक्क आहे. पण पावती नसेल तर भत्ता मागायचा कशाच्या जोरावर?

तिसरं, यंत्राला बोलतं करा. चहाच्या टपरीवरचा तो छोटा डबा दहा रुपये आले की मोठ्याने मराठीत ओरडून सांगतो. व्यापाऱ्याला पैसे मिळाल्याचं सांगायला डबा बोलतो आणि गरिबाला त्याचं धान्य किती हे सांगताना यंत्र मुकं? त्याचा पडदाही दुकानदाराकडे तोंड करून. किराणा दुकानातल्या काट्याला दोन्ही बाजूंनी आकडे दिसतात. ई-पॉसला का नाहीत? तुमच्या नावावर पाच माणसं, पंचवीस किलो, एवढं यंत्र मोठ्याने बोललं तर अर्धी काटछाट तिथंच थांबेल.

"फुकटचं खाता आणि वर यंत्राला नावं ठेवता" असं म्हणणारे आहेत. त्यांना एवढंच सांगतो, हे दान नाही, संसदेनं केलेला कायदा आहे. ज्यांचा फोन चेहरा पाहून क्षणात उघडतो आणि नाही उघडला तर आकडे टाकून उघडतो, त्यांनी विचार करावा: चार आकड्यांची पर्यायी सोय फोनला आहे, भाकरीला नाही.

आपला वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्याच यादीतल्या नंदुरबारच्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक एका आदिवासी बाईला दिला गेला. फोटो काढताना असे जिल्हे आठवतात. यंत्र निवडताना मात्र आमच्या हातांवर ते कधी लावून पाहिलं होतं, हे सांगायला कुणी पुढं येत नाही.

म्हणून रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा, मंगरुळपीर, वाशीम, सगळीकडच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २९ नुसार दुकानपातळीवर दक्षता समिती असायला हवी आणि तिच्यात अनुसूचित जाती, जमाती, स्त्रिया आणि निराधार यांचं प्रतिनिधित्व हवं. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे, हे आधी विचारा. मग सोंगणी संपल्याच्या आठवड्यात समितीला दुकानात बसवा, गावातल्या मजूर बायांना एकेक करून बोट लावायला सांगा आणि किती जणींचं जुळलं नाही ते वहीत लिहा. त्या वहीची एक प्रत तहसीलदाराकडे आणि एक जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. वहीवर सह्या मात्र बायांच्याच घ्या.