घरफोडीनंतरचा हंगाम

2026 च्या हंगामात पॅक-12 ही अमेरिकी विद्यापीठांच्या संघांची कॉन्फरन्स, म्हणजे साखळी, पुन्हा उभी राहते आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या आम्हा माजी विद्यार्थ्यांनी आता झालं-गेलं विसरून टाळ्या वाजवाव्यात, असा सूर चहूकडून कानावर येतो. मी वाजवणार नाही. घर कुणी फोडलं हे न सांगता नव्या घराच्या वास्तुशांतीला बसणं मला लबाडी वाटते.

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मी वॉशिंग्टन स्टेटच्या गावी, पुलमनला, गेलो तो गव्हावर काम करायला. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला पलूस नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे (आपल्या सांगलीकडच्या पलूसशी त्याचं नातं फक्त नावाचं). जुलै सरताना तिथे नजर पोचेल तिथवर पिकलेला गहू असतो. याच मुलखातल्या पुलमन गावात ऑर्व्हिल वोगल यांनी जपानी नोरिन-10 आणि अमेरिकी ब्रेव्हर यांच्या संकरातून बुटक्या गव्हाची पैदास केली. ते बियाणं मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती गेलं, आणि तिथून निघालेले वाण भारताच्या शेतात उतरले. माझ्या आजोबांच्या रानातला गहू आणि पुलमन यांचा संबंध मला तिथे जाऊन कळला. त्या गावाची वस्ती जेमतेम तेहतीस हजार. फुटबॉलच्या मैदानाची क्षमताही जवळपास तेवढीच. शनिवारी सामना असला की मळणी आटोपून आलेले शेतकरी, प्राध्यापक, पोरंसोरं एकाच बाकावर बसतात. अमेरिकन फुटबॉलमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. त्या बाकावरच शिकलो.

आमचा हा संघ 1917 मध्ये पॅसिफिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये आला; तिचीच पुढे पॅक-12 झाली. 2022 च्या जूनअखेर यूएससी आणि यूसीएलए या सदस्यांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे जायचं जाहीर केलं. मग कोलोरॅडो निघालं, आणि 4 ऑगस्ट 2023 या एका दिवसात उरलेली भिंत कोसळली. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. पाठोपाठ स्टॅनफर्ड आणि कॅल, हे पॅसिफिककाठचे दोन संघ, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जाऊन बसले. मागे उरले ओरेगन स्टेट आणि आम्ही. कॉन्फरन्सच्या उरल्यासुरल्या मालमत्तेवर हक्क शाबूत ठेवायला आम्हाला कोर्टाची पायरी चढावी लागली. 2025 च्या हंगामात ही दोनच सदस्यांची कॉन्फरन्स होती, आणि वेळापत्रक भरायला दोन्ही संघ महिन्याभरात दोनदा एकमेकांशी खेळले.

यात वॉशिंग्टन विद्यापीठाचा राग मला सगळ्यात जास्त आहे. ते सिॲटलमध्ये, आम्ही पुलमनमध्ये, पण दोन्ही विद्यापीठं एकाच राज्याची, एकाच करदात्याची. बिग टेनने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा टीव्ही करार केला होता. त्यातला पूर्ण वाटाही सुरुवातीला मिळणार नव्हता, तरी ते गेले. आता त्यांचा संघ न्यू जर्सीला कॉन्फरन्सचा सामना खेळायला जवळजवळ चार हजार किलोमीटर उडतो. पोरांचे वर्ग बुडतात. 1900 साली सुरू झालेला आमच्या दोघांतला ॲपल कप, जो नोव्हेंबरच्या अखेरीस थंडीत व्हायचा, हंगामाचा शेवट असायचा, तो उचलून सप्टेंबरात टाकला आहे.

सिॲटलकडच्या मराठी मंडळींत हा विषय काढला की हमखास ऐकायला मिळतं, "अरे, बाजार आहे हा, भावना कसल्या?" या उत्तराने माझं डोकं फिरतं. हे सगळे संघ सरकारी किंवा धर्मादाय शिक्षणसंस्थांचे आहेत. विद्यापीठाच्या अध्यक्षाला राज्याने दुकान चालवायला नेमलेलं नसतं. आणि या बाजाराची किंमत कोण मोजतं ते पुलमनमध्ये येऊन बघा. 1978 साली याच विद्यापीठाचा विद्यार्थी असताना धावपटू हेन्री रोनोने 81 दिवसांत चार जागतिक विक्रम केले होते. 2025 मध्ये त्याच विद्यापीठाने ॲथलेटिक्समधले उड्या आणि फेकीचे प्रकार बंद करून टाकले. फुटबॉलचं उत्पन्न आटलं, आणि कुऱ्हाड पडली ती गोळाफेक करणाऱ्या पोरीवर.

संघ सोडून जाणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. कॅम वॉर्ड आमच्याकडून मायामीला गेला आणि 2025 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. जॉन मटीर ओक्लाहोमाला गेला. त्यांच्या घामावर दशकानुदशकं फुकट कमावणाऱ्यांनी त्यांना निष्ठेचे धडे देऊ नयेत. राग आहे तो एक हंगाम संपायच्या आत दुसरीकडे सही करणाऱ्या प्रशिक्षकांचा. जेक डिकर्ट 2024 च्या अखेरीस गेले. जिमी रॉजर्स आले, साउथ डकोटा स्टेटमधले डझनाहून जास्त खेळाडू सोबत घेऊन आले, आणि एका वर्षात आयोवा स्टेटला निघून गेले. तरी त्याच वर्षी या संघाने मिसिसिपीत जाऊन ओल मिसला 24-21 पर्यंत झुंजवलं होतं.

आणि आता आमचं स्वतःचं पाप. 2024 मध्ये आम्हाला खेळायला कुणी नव्हतं तेव्हा पैसे घेऊन का होईना, माउंटन वेस्टने सामने दिले. त्याच माउंटन वेस्टमधून आम्ही बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट असे पाच संघ उचलले, आणि वर ठरलेली भरपाई द्यायची वेळ आली तेव्हा कोर्टात गेलो. आमच्यावर झाला तो अन्याय, आम्ही केलं ती व्यवहारचतुराई, असं म्हणणाऱ्याशी मी एका बाकावर बसणार नाही. ही भरपाई मुकाट्याने चुकती करा.

नवे प्रशिक्षक कर्बी मूर आमच्याच राज्यातल्या प्रॉसरचे आहेत. त्यांनी किती सामने जिंकावेत यावर मी काही मागत नाही. दोन गोष्टी मागतो. त्यांनी निदान तीन वर्षं राहावं. आणि राज्याच्या विधिमंडळाने दोन्ही विद्यापीठांना समोर बसवून ॲपल कप नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परत आणावा. टीव्हीवाल्यांना चालत नसेल तर कॅमेऱ्याशिवाय खेळवावा. तेहतीस हजार माणसं बर्फात बसून बघतील. मी त्या बाकावर बसलेलो आहे, मला माहीत आहे.