अंगण हरवलेली अंगणवाडी

'अंगणवाडी' हा शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी कागदांवर वावरतो. तो रुजला मात्र आपल्याकडे, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात. 1945 साली ताराबाई मोडकांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली. खाऊनपिऊन सुखी अशा घरांतली मुले आली. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले मात्र येईनात. अशा वेळी आपण सुशिक्षित माणसे काय करतो, ते सर्वांना ठाऊक आहे. आपण सभा भरवतो, 'पालकांत जागृती नाही' असा निष्कर्ष काढतो, आभारप्रदर्शन करतो आणि चहा पिऊन घरी जातो. ताराबाईंनी सरळ हिशेब केला: मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे. आणि ती गेली. मुलांना न्हाऊमाखू घालण्यापासून कामाला आरंभ झाला. महागडी साधने नव्हती. शिंपले, चिंचोके, पाने, खडे हीच शिक्षणाची साधने झाली.

1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे असे दिसले की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभी राहिली. पोरे गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसताच शाळाच कुरणात गेली, ती 'कुरणशाळा'. प्रत्येक अडचणीच्या वेळी या दोघींनी कुटुंबाला दोष देण्याऐवजी संस्थेलाच आपली जागा सोडावयास लावली.

हा जुना इतिहास आता कशाला, असे कोणी विचारील. अशासाठी की आपण या दोघींचा शब्द तेवढा उचलला आणि अर्थ कोसबाडलाच ठेवून आलो.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, रुग्णालयात पाठवणी, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि शाळेपूर्वीचे शिक्षण अशा सहा गोष्टी एका छपराखाली मिळाव्यात, ही तिची कल्पना. आज देशात जवळजवळ 14 लाख अंगणवाड्या आहेत. महाराष्ट्रातच लाखावर आहेत. एवढे जाळे विणणे हे लहान काम नव्हे, आणि त्याची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. पण जाळे पसरता पसरता अंगणाच्या जागी खोली आली, खोलीत टेबल आले, टेबलावर नोंदवही आली आणि आता नोंदवहीच्या जागी मोबाइल आला. अंगणातल्या आईला नवे नाव मिळाले, 'लाभार्थी'. आणि लाभार्थी वेळेवर हजर झाली नाही की तेच जुने वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागले: पालक उदासीन आहेत.

माझे म्हणणे असे की हे वाक्य सरकारी अहवालांतून आणि आपल्या बोलण्यातून कायमचे हद्दपार करावे. कोणतीही आई आपल्या मुलाविषयी उदासीन नसते. सेवा तिच्या भाषेत बोलत नसेल, तिच्या ताटाशी जुळत नसेल आणि तिच्या दिवसाच्या वेळेत बसत नसेल, तर त्या सेवेला परकी म्हणावे. आईला अडाणी म्हणू नये.

प्रथम भाषा पाहू. मेळघाटातले कोरकू मूल तीन वर्षांचे होऊन अंगणवाडीत बसते. कोरकू भाषा मराठीच्या आप्तांत बसत नाही. तिचे नातेवाईक झारखंडातल्या मुंडारी-संताळी भाषांत. गडचिरोलीतल्या गोंडीचे कूळ तेलुगू-कन्नडशी जुळते. या मुलांच्या दृष्टीने 'इकडे ये, बस' हे शब्दसुद्धा परदेशी आहेत. घरी दिवसभर चिवचिवणारे मूल तेथे मुके होते, आणि आपण त्याला 'मंद' म्हणतो. मुलांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलावे, असे बालसंगोपन व शिक्षणाच्या 2013 च्या राष्ट्रीय धोरणात आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही आहे. धोरणे उत्तम आहेत. धोरणांना कोरकू येते का, एवढाच प्रश्न आहे. मुलांचे सोडा, सेविकेच्या भाषेचीही तीच गत. 2021 साली महाराष्ट्रातल्या असंख्य सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. त्यांच्या तक्रारी अनेक होत्या. त्यांतली एक अशी की माहिती भरावयाची ती इंग्रजीत. मराठी बाई मराठी मुलाचे वजन मराठी राज्यात इंग्रजीत नोंदवणार! याला व्यवस्था म्हणावयाचे असेल तर गैरव्यवस्थेला दुसरा शब्द शोधावा लागेल.

दुसरी गोष्ट ताटाची. नाचणी, वरई, कुटकी, ज्वारी, रानभाज्या, मोह, मासे, अंडी हे डोंगरातल्या घराचे अन्न. त्या घरातल्या तान्ह्यासाठी दूरच्या कारखान्यातून पाकीट येते. ते पाकीट शेवटी गुरांपुढे गेल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात, आणि वाचणारा पुन्हा आईलाच हसतो. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, ते काम शक्यतो गावातल्या लोकांना, बचतगटांना व महिला मंडळांना द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच दिला होता. महाराष्ट्रात 2015 साली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना निघाली. तिच्यात गावातच शिजवलेले गरम जेवण आले, पुढे मुलांसाठी अंडी-केळी आली. म्हणजे काय करावे हे आपल्याला कळते. ते सगळीकडे करावयाचे म्हटले की मात्र हात आखडतो.

तिसरी गोष्ट वेळेची आणि जागेची. अंगणवाडी सकाळचे काही तास उघडी. आई त्याआधीच रानात किंवा मजुरीवर गेलेली. मुख्य गावात अंगणवाडी आणि ओढ्यापलीकडे पाडा; पावसाळ्यात ओढा भरला की सहाच्या सहा सेवा ओढ्याच्या अलीकडे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2006 मध्ये सांगितले आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील निदान 40 मुले आहेत, त्या वस्तीने मागितल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. हा हक्क किती पाड्यांना कोणी जाऊन सांगितला?

सेवा कुटुंबाशी जुळवून घेते तेव्हा काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत केले. जन्मलेल्या बाळाला दवाखान्यात आणा, असा हुकूम सोडण्याऐवजी ही गावची बाई घरी जाई, बाळाचे वजन करी, त्याला ऊब कशी द्यावी ते दाखवी, जंतुदोषाची लक्षणे ओळखी आणि औषध देई. 39 गावांतल्या या कामाचा अहवाल 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू, शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानाने, तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच संस्थेचा दवाखाना गोंडांच्या वस्तीसारखा बांधलेला आहे आणि दंतेश्वरी देवीच्या नावाने चालतो. देवीच्या नावाने औषधाचा गुण कमी होत नाही. दवाखान्याचा उंबरठा तेवढा कमी होतो.

यावर आक्षेप येतात, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. पहिला आक्षेप असा: लोकांच्या रीतीशी जुळवून घ्यावयाचे, तर अंधश्रद्धेशीही जुळवून घ्यावयाचे काय? तान्ह्याचे पोट फुगले म्हणून तापल्या लोखंडाने डागण्याची रीत मेळघाटात आहे. तिचाही मान राखावयाचा काय? मुळीच नाही. डागणे बंद झालेच पाहिजे. पण ते कोण बंद करील? जीपमधून उतरून दटावणारा साहेब गेला की दाराआड पुन्हा लोखंड तापते. जिला ती आई मावशी म्हणते, जी त्याच भाषेत बोलते आणि रात्री-अपरात्री हाकेला ओ देते, तिने 'पोराला डागू नको, माझ्याबरोबर दवाखान्यात चल' म्हटले तर आई ऐकते. जवळीक ही अंधश्रद्धेला शरण जाणे नव्हे; तिच्याशी लढण्याचे ते एकमेव हत्यार आहे.

दुसरा आक्षेप असा की घरच्या भाषेत रमलेले मूल मागे राहील. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा आपल्या घरातले बाळ पाहावे. ते आजीच्या मांडीवर कोणत्या भाषेत हसू लागले? पायरीवर पाय दिल्यावाचून माडी चढता येत नाही. घरची बोली ही पायरी, मराठी हा पुढचा मजला, आणि इंग्रजी त्याच्याही पुढचा. पायरी काढून घेऊन मुलाला 'चढ' म्हणणे हा शहाणपणा नव्हे.

तिसरा आक्षेप पैशाचा. पैसा लागेल, यात शंका नाही. पण सध्या काटकसर कोणाच्या जिवावर चालली आहे? ज्या सेविकेवर सहा सेवांचा डोलारा उभा आहे तिला पगार मिळत नाही, 'मानधन' मिळते. ग्रॅच्युइटीवर तिचा हक्क आहे, हे 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांनी पन्नासहून अधिक दिवस संप केला, तेव्हा कोठे शहरातल्या पुष्कळांना कळले की अशी माणसे काम करीत असतात. शब्दात मान आणि हातात धन नाही, अशा सेविकेकडून कुटुंबाशी जिव्हाळ्याची अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार काय?

हा सगळा प्रश्न डोंगरातला आहे, आपण शहरातली माणसे सुटलो, असे वाचकांनी समजू नये. आपण राहतो त्या इमारतीच्या विटा कोणीतरी डोक्यावरून वाहिल्या, आणि वाहणारीचे मूल वाळूच्या ढिगाजवळ बसले होते. 1969 साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच पाळणाघर काढले, तेव्हापासून 'मोबाइल क्रेश'चे काम चालू आहे. 1996 च्या कायद्याने, जेथे 50 हून अधिक स्त्रिया बांधकामावर असतील तेथे मुलांसाठी खोली देणे मालकावर बंधनकारक केले. घर घेताना आपण पार्किंग विचारले, लिफ्ट विचारली, पाण्याची वेळ विचारली. ती खोली होती का, हे कोणी विचारले?

आणि हा अंक ज्या दिवसांत आपल्या हाती पडतो त्याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या सुमारास, बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मूल कशातच मोजले जात नाही. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि ते स्वतः सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर, कोपीत. गावात त्याचा आहार नावावर पडतो, फडावर त्याच्या नावाने कोणी काही देत नाही. 2021 साली राज्याने स्थलांतरित मुलांचा माग ठेवण्याची यंत्रणा काही जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू केली. पाऊल चांगले आहे. पण माग ठेवल्याने पोट भरत नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्क मुलाला दिला आहे, गावाच्या नोंदवहीला नव्हे. तेव्हा जेथे मूल तेथे अंगणवाडी, एवढे एकच सूत्र धरले पाहिजे: फडावर, वीटभट्टीवर, बांधकामावर, पाड्यावर. कारखान्याने ट्रकांसाठी तळ आखताना मुलांसाठीही एक छप्पर आखावे. कोप्यांतलीच एक बाई सेविका म्हणून नेमावी. पगाराला पगार म्हणावे.

ज्या वाचकांच्या गावाजवळ साखर कारखाना आहे, त्यांनी या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन कोप्यांवर अवश्य जावे. पण डबा देऊन परतू नये. सहा वर्षांखालची मुले किती, ते मोजावे. ती संख्या 40 किंवा अधिक भरली, तर वस्तीतल्या लोकांनाच बरोबर घेऊन, त्यांच्या सहीअंगठ्याने अंगणवाडीची मागणी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारावयास जावे. हंगाम तोवर संपत आलेला नसतो.